गाडीतली जुनी गाणी : कुठल्या रस्त्याला कुठलं गाणं?

घाटवळण

लांबच्या प्रवासाला निघताना डबा, पाणी, फास्टॅगचा बॅलन्स, टायरमधली हवा सगळं बघून झालं की आमच्याकडे शेवटचं भांडण ठरलेलं असतं, गाणी कोण लावणार. पोरांचा फोन गाडीला आधी कनेक्ट होतो त्यामुळे पनवेलपर्यंत आम्हाला काही बोलायची सोय नाही. पळस्पे फाट्याला गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली की मात्र फोन माझ्याकडे, हा घरातला करार आहे, कारण गाडी मी चालवतो आणि मला डुलकी लागली तर, असो.

जुनी आवडती गाणी कुठली असं विचारलं तर याद्यांचा पाऊस पडेल आणि सगळ्यांत तीच पंचवीस गाणी असतील, ते मला नकोय. कुठल्या रस्त्याला तुमच्याकडे कुठलं गाणं लागतं आणि का, ते सांगा. माझं म्हणणं असं की घरातलं आवडतं गाणं वेगळं आणि गाडीतलं वेगळं. घरी मी कुमारजी (कुमार गंधर्व) ऐकतो, गाडीत लावत नाही, कारण समोर कंटेनर, मागे एसटीचा हॉर्न आणि मध्ये कुमारजी, अर्धवट ऐकायचा माणूस आहे का तो? उलट 'गोमू संगतीनं माझ्या तू येशील काय' हे घरी मुद्दाम लावून मी ऐकत नाही, पण पोलादपूर सोडलं की ते हवंच. हेमंतकुमार आणि आशाबाई, चाल हृदयनाथांची, १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा' मधलं. त्या गाण्याला एक निवांत झोका आहे, गाडी थर्डवर ठेवून कशेडी चढताना तो बरोबर बसायचा. आता बोगदा झाला, गाणं संपायच्या आत आपण पलीकडे. म्हणून हल्ली ते भोस्ते घाटात लावतो पण ती मजा नाही.

तर येऊद्यात. रस्त्यासकट.

कॅसेटवाला

मस्त धागा. आयडीला जागून थोडं लांबण लावतो.

आमच्या गाडीत काय वाजणार हे रस्ता नाही, कोपऱ्यावरचा रेकॉर्डिंगवाला ठरवायचा. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट आपली किंवा त्याची, साठची की नव्वदची ते सांगायचं (साठ म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वद म्हणजे पंचेचाळीस) आणि दोनतीन दिवसांनी आणायला जायचं. यादीतलं एखादं गाणं त्याच्याकडे नसलं की तो न विचारता स्वतःच्या आवडीचं भरायचा. बाबांनी 'मुसाफिर हूँ यारों' सांगितलं तर ते मिळालं, पण त्याच्या पुढचं नव्हतं, तिथे त्याने 'चला जाता हूँ किसी की धुन में' भरलं. दोन्ही १९७२ ची, दोन्ही किशोर, दोन्ही पंचम (आर. डी. बर्मन), म्हणजे माणूस डोकं लावून भरत होता. आज इतक्या वर्षांनी 'मुसाफिर' कुठेही ऐकलं, अगदी लग्नाच्या हॉलमध्ये, की शेवटची ओळ संपता संपता माझ्या डोक्यात 'चला जाता हूँ' चा सुरुवातीचा पीस चालू होतो. आणि मग तिसरंच काहीतरी वाजतं आणि चिडचिड होते.

कॅसेट डॅशबोर्डवर उन्हात राहिली की वाकडी व्हायची, मग लता मंगेशकरांचा आवाज मधेच जडावायचा. टेप अडकली तर नटराजची पेन्सिल भोकात घालून फिरवत बसायचं काम मागच्या सीटवरच्या सगळ्यात धाकट्याला. ते काम मिळणं हा मान होता आमच्याकडे.

बाय द वे, 'मुसाफिर हूँ यारों' चा जन्मच गाडीतला आहे. गुलजारांनी किस्सा सांगितलाय की पंचम रात्री त्यांच्या घराखाली आले, त्यांना गाडीत घातलं आणि चाल ऐकवत मुंबईच्या रस्त्यांवर हिंडत राहिले. दोघांचं एकत्र पहिलं काम ते. म्हणून ते घरात सोफ्यावर बसून ऐकायचं गाणं नाहीच, एवढंच म्हणतो.

रानजाई

ताम्हिणी. जुलै. गारवा. संपला विषय.

बरं थोडं लिहिते. १९९८ ला 'गारवा' आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि एका मैत्रिणीच्या दादाची मारुती ८०० होती, वायपर एकच चालायचा, तोही ड्रायव्हरच्या बाजूचा नाही. मिलिंद इंगळेंचा आवाज आणि गाण्याआधी सौमित्र स्वतःच्या आवाजात कविता वाचतात, ते कविता वाचन आलं की गाडीतले सगळे गप्प. मुळशी धरणाच्या कडेकडेने जाताना काचा वर करून, आत सगळं धुकं साचलेलं, कुणीतरी रुमालाने पुसतंय. पुढे ती कॅसेट इतकी घासली की बी साइडवर ए साइड उलटी ऐकू यायची.

आता पावसाळ्यात शनिवार रविवारी ताम्हिणीला इतकी गर्दी असते की गारवा दोनदा लावून होतो आणि गाडी तिथेच. धबधब्याखाली लोक स्वतःचे स्पीकर घेऊन नाचतात, त्यांच्या डीजेत सौमित्रची कविता कुठे ऐकू येणार. त्यामुळे बुधवारी सुट्टी टाकून जायचं, हा माझा अनुभवी सल्ला.

सातारी_गडी

पुण्याहून आमच्याकडं येताना कात्रजपास्नं काहीपण लावा राव, पण खंबाटकीला चढ लागला की 'यूँ ही चला चल राही'. 'स्वदेस', २००४, रहमान. उदित नारायण, कैलाश खेर, हरिहरन तिघं आहेत त्यात. शाहरुख ती भलीमोठी कॅराव्हॅन चालवतोय आणि शेजारी मकरंद देशपांडे साधू बनून बसलाय. आता यात आमचं कनेक्शन असं की पिक्चरमधलं ते चरणपूर म्हणजे आमचं वाईशेजारचं मेणवली. त्यामुळं ते गाणं लावून तुम्ही घाट उतरून सुरूरला वळला आणि वाईच्या रस्त्याला लागला, की तुम्ही बरोबर त्याच गावाला चालला असता. ह्याच्यापेक्षा फिट बसणारं गाणं मला तरी महाराष्ट्रात दुसरं माहिती नाही.

परत जाताना मात्र तो घाट लागत नाही, बोगद्यातनं जातो. मग तिथं गाणं पण वेगळं पाहिजे, पण ते अजून सापडलं नाही. सुचवा.

निशाचर

बोगद्यासाठी कुमार सानू. कुठलंही. बोगद्यात आवाज घुमतो, सानूला तेच लागतं.

मामंजी

हे काय सुरू आहे. १९९८ आणि २००४ ही जुनी गाणी?

आमच्याकडे फियाट होती, गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ. कॅसेट नव्हती, रेडिओ होता, आणि रेडिओवर विविध भारती. आता गंमत अशी की रेडिओवर गाणं आपण निवडत नाही. घाटात गाडी एका वळणावर गेली की स्टेशन खरखरायचं, पुढच्या वळणावर परत यायचं, आणि मधल्या दोन ओळी घरच्या मंडळींनी म्हणायच्या, असा आमचा खेळ असे. रेडिओ परत आला तेव्हा आपण त्याच शब्दावर असलो तर जिंकलो. माझी पत्नी ठेक्याला इतकी पक्की होती की ओ. पी. नय्यर असेल तर ती कधी हरत नसे. 'मांग के साथ तुम्हारा', १९५७, 'नया दौर'. टांग्याची चाल आहे ती, घोड्याच्या टापा तालात बसवलेल्या. त्या सिनेमात शेवटी टांगा मोटार-बसला शर्यतीत हरवतो आणि आम्ही मोटारीत बसून त्या गाण्यावर ताल धरत होतो!

रात्री उशीर झाला तर दहा वाजता छायागीत. तेव्हा हायवेला आजच्यासारखे दिवे कुठे होते, समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, तेवढाच उजेड. 'है अपना दिल तो आवारा' त्या वेळी ऐकलेलं विसरत नाही. 'सोलवा साल', १९५८. त्यातला माउथ ऑर्गन कोणी वाजवला आहे माहीत आहे का तरुण मंडळींना?

कॅसेटवाला

राहुलदेव बर्मन. वडिलांच्या गाण्यात मुलाने वाजवलाय. आणि पडद्यावर ते लोकलमध्ये आहे काका, रस्त्यावर नाही :)

मामंजी

शाब्बास. लोकल तर लोकल, चाकं आहेत ना.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही सारे घाटच घाट करून राहिले राजेहो. आमच्याकडं घाट नाही, आमच्याकडं समृद्धी आहे. ७०१ किलोमीटर, १२० ची लिमिट, आन् रस्ता असा सरळ की स्टेअरिंग हातात आहे का नाही तेच विसरून जाते माणूस. नागपूरहून निघालं आन् कारंजा लाड गेलं की डोळे उघडे पण डोकं झोपलेलं, अशी गत होते. हे हसण्यावारी नेऊ नका, त्या रस्त्यावर असे अपघात झालेले आहेत. तर तिथं गाणं हे मनोरंजन नाही, औषध आहे बाप्पा.

मी सारे प्रयोग करून पाहिले. गझल बिलकुल नाही. जगजीत सिंग जेवल्यानंतर लावाल तर सिंदखेडराजाच्या आधी गाडी बाजूला घेऊन झोपावं लागते, लय गोड माणूस पण ड्रायव्हरसाठी नाही. फास्ट गाणी पण नाही, सारखा तोच ठोका असला की थोड्या वेळानं तोच झोप आणते. जे चालते ते म्हणजे कव्वाली. 'ना तो कारवाँ की तलाश है', 'बरसात की रात', १९६०, रोशनचं संगीत, साहिरचे शब्द, मन्ना डे, रफी, आशा, सुधा मल्होत्रा, बातिश. बारा मिनिटांच्या आसपास आहे ते, म्हणजे १२० नं गेलं तर चोवीसेक किलोमीटर एकाच गाण्यात. आन् ते थांबत नाही कुठं, एक जण सोडते की दुसरा उचलते, ठेका हळूहळू चढते, तुम्हाला पुढं काय येते त्याची वाट पाहावी लागते. 'ये इश्क इश्क है' आलं की गाडीतले सारे ओरडून म्हणतात. ओरडताना माणूस झोपत नाही, हे आपलं शास्त्र.

तरी पण दर दीड दोन तासानं उतरून चहा प्या. कव्वाली कितीही चांगली असली तरी.

रानजाई

@वऱ्हाडी_ठेचा, "चोवीस किलोमीटर एकाच गाण्यात" :D :D आजपासून गाणी किलोमीटरमध्ये मोजणार.

एडिसनकर

किलोमीटरचा विषय निघालाच आहे तर आमचं ऐका. इथे न्यू जर्सीत कुठल्याही मराठी घरी आई-बाबा आले की दुसऱ्या-तिसऱ्या वीकेंडला नायगारा, यातून सुटका नाही. साडेसहा-सात तासांचा रस्ता. पोरं मागे हेडफोन घालून, आईला पुढे बसवायचं कारण मागे बसलं की तिला गाडी लागते, आणि पुढे बसलेल्या माणसाने गाणी निवडायची हा जगभरचा नियम. ती गीतरामायण लावते.

पहिल्यांदा मला वाटलं संपलं आता, सात तास. पण खरं सांगू का, लांबच्या रस्त्याला त्याच्यासारखं काही नाही. छप्पन्न गाणी, पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ ला आठवड्याला एक अशी लागायची. बावन्नच ठरली होती, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली, हे आईकडूनच ऐकलं, पोकोनोच्या टेकड्या चढताना. गदिमा आणि बाबूजी (सुधीर फडके). आणि गोष्ट पुढे सरकते ना, त्यामुळे रस्ताही सरकतो. आमचे टप्पे ठरून गेलेत आता, स्क्रँटनपर्यंत 'स्वयंवर झाले सीतेचे' होऊन जातं, न्यूयॉर्क राज्यात शिरलो की वनवास, 'पराधीन आहे जगती' ला आई खिडकीतून बाहेर बघते आणि त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही. 'सेतू बांधा रे सागरी' कधीही लागो, पुढचा पूल येईपर्यंत पॉज करून ठेवायचं आणि पुलावर प्ले करायचं, ही माझ्या मुलाची आयडिया. हेडफोन काढून त्याने तेवढं एक गाणं आपलं मानलंय. उच्चार अगाध आहेत पण सेतू बांधतो.

बायको म्हणते गीतरामायण रोड ट्रिपचं म्युझिक नाही. तिच्या माहेरचे आले की लकी अली असतो. चालायचंच.

पेनड्राइव्ह_पिढी

वहिनींना +१००. लकी अलीशिवाय धाग्यावर इतके प्रतिसाद झाले याचंच आश्चर्य वाटत होतं.

आमची नॉस्टॅल्जिया कॅसेट नाही, पेनड्राइव्ह. चार जीबीचा, कुणाचा होता आठवत नाही, ग्रुपमधल्या सगळ्यांच्या गाड्यांमधून फिरलेला. आणि त्यात गाणी एबीसीडीच्या क्रमाने लागायची कारण स्टिरिओला तेवढंच कळायचं, फाईलच्या नावात आधी कुठल्यातरी वेबसाईटचं नाव, मग गाण्याचं. त्यामुळे कॅसेटवाले काका म्हणतात तसं आमचंही झालंय, 'ना तुम जानो ना हम' संपलं की 'ओ सनम' आलंच पाहिजे, एन नंतर ओ. एक २००० चं, एक १९९६ चं, एक पिक्चरचं, एक अल्बमचं, काही संबंध नाही, फक्त एबीसीडी.

रस्ता विचारताय तर जुना मुंबई-पुणे हायवे. एक्स्प्रेसवे नाही. बाइक घेऊन जायचो तेव्हा जुनाच चालायचा, आणि मग पहिली गाडी आली तरी सवयीने जुन्यानेच. खोपोलीला वडापाव, मग घाट. 'ओ सनम' मध्ये गिटार सुरू होते आणि तो घाईच करत नाही कशाची, तुम्हीही करत नाही. त्याचा व्हिडिओ इजिप्तमध्ये शूट केलेला, वाळवंट वगैरे, आणि आम्ही बोरघाटात पावसात, तरी जुळायचं.

'दिल चाहता है' बद्दल मी बोलणार नाही. २००१ नंतर गोव्याला निघालेल्या प्रत्येक गाडीत ते टायटल साँग वाजलंय आणि त्यातली निम्मी गोव्याला पोचली नाहीत, सगळ्यांना माहितीये.

निशाचर

सगळे फार सभ्य गाणी सांगतायत म्हणून मी लिहितो.

रात्रीची ट्रॅव्हल्स. मुंबईहून निघालेली, सगळ्यात मागची सीट, पाय कुणाच्या तरी बोचक्यावर. ड्रायव्हरच्या केबिनचा दरवाजा उघडा आणि आत झंकार बीट्स. ओरिजिनल गाण्यावर वरून ढोलक-बिलक चढवलेला, एको टाकलेला. जाणकार लोक नाकं मुरडतात, मामंजी तर आता ओरडणारेत मला माहितीये. पण इंजिन तुमच्या पायाशी धडधडतंय, खिडक्या वाजतायत, त्यात मूळ गाण्यातलं नाजूक व्हायोलिन कुणाला ऐकू येणार? वरचा ढोलक तेवढा पोचतो. त्या लोकांनी ते ऐकणाऱ्यासाठी केलं होतं, हॉलमधल्या सोफ्यासाठी नाही.

आणि अल्ताफ राजा. 'तुम तो ठहरे परदेसी'. मध्ये मध्ये शेर म्हणतो, मग जानेवारीपासून सुरू करून अख्खं कॅलेंडर काढतो. पहाटे तीनला ढाब्यावर सगळे उतरलेत, ट्यूबलाइटभोवती किडे, चहा काचेच्या छोट्या ग्लासात, आणि ते गाणं चालू. ढाब्यावरचा पोऱ्या टेबल पुसता पुसता पुढचा महिना आधीच म्हणायचा. त्या गाण्याला तिथे कुणी हसत नव्हतं. हसायचं आपण शहरात येऊन शिकलो.

उजाडायला लागलं, कुठल्यातरी स्टँडबाहेर गाडी थांबली, की टपरीवर प्रल्हाद शिंदे. 'चंद्रभागेच्या तीरी'. मग कळायचं की आपलं गाव जवळ आलं.

मामंजी

ओरडणार नाही. पण रफीच्या गाण्यावर कुणी वरून ढोलक वाजवलेला मी सहन करणार नाही, इंजिन कितीही धडधडो. इंजिन दुरुस्त करा.

प्रल्हाद शिंदे यांच्याबद्दल मात्र पूर्ण सहमत.

घाटवळण

निशाचर, काय लिहिलंय. झंकारवर मी तुमच्या बाजूने. मामंजी, दंडवत, इंजिन दुरुस्त करा हे आवडलं.

गोंधळी_आई

इथे सगळे पुरुष ड्रायव्हर लिहितायत आणि मागच्या सीटवर काय चालतं ते कुणी सांगत नाहीये. मागच्या सीटवर एक उलटीची पिशवी असते.

आमच्या धाकटीला गाडी लागते. पसरणी घाट असो की आंबोली, तिसऱ्या वळणाला तोंड पांढरं पडतं. गोळी अर्धा तास आधी दिली तर ठीक, नाहीतर मग एकच उपाय, तिला गायला लावायचं. फोन हातात द्यायचा नाही (खाली बघितलं की जास्त होतं), समोर लांब बघ आणि गा. आणि त्यासाठी जुनी बालगीतंच लागतात. 'सांग सांग भोलानाथ', 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला', मीना खडीकरांच्या चाली आहेत या. मी लहान असताना माझ्या आईने मला एसटीत याच गाण्यांवर पन्हाळ्याला नेलंय. ही गाणी खरंच पोरांना गाता येतात, वरची पट्टी नाही, दम लागत नाही, ओळ छोटी. 'नाच रे मोरा' पण, ते तर १९५३ चं आहे, गदिमा, पुलंची चाल आणि आशाबाई, आणि आजही चार वर्षांच्या मुलीला दुसऱ्यांदा ऐकल्यावर पाठ.

संदीप-सलील चं 'अग्गोबाई ढग्गोबाई' घाटात फार उपयोगी. मोठ्याला तेच लागतं. मात्र 'दमलेल्या बाबाची कहाणी' गाडीत लावायची नाही, आमच्याकडचा बाबा गाडी चालवताना रडतो, समोरचं दिसत नाही त्याला. बंदी आहे.

सातारी_गडी

पसरणीत अग्गोबाई म्हंजे कहर. आमच्या घाटाचं भाग्य.

मांडवीकाठी

मी गोव्याची, नवरा बेळगावचा, त्यामुळे आमचा रस्ता चोर्ला घाट. जाताना मराठी, येताना कोंकणी असा अलिखित नियम. माहेरी यायला निघाले की घाटमाथ्यावरून खाली गोवा दिसायला लागतो तिथे लोर्ना लावायची. लोर्ना आणि ख्रिस पेरी. ट्रम्पेट सुरू झालं की नवरा म्हणतो हे आपल्याकडच्या बँडवाल्यांना कुणीतरी शिकवा रे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना गोव्याचं गाणं म्हणजे हिंदी पिक्चरमधलं, समुद्रकिनारा आणि गिटार असं वाटतं. पण त्याच हिंदी पिक्चरच्या ऑर्केस्ट्रात मुंबईला वाजवणारे ढीगभर लोक गोव्याचेच होते, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन. तिथे त्यांचं नाव कुठे यायचं नाही. ख्रिस पेरीने स्वतःच्या भाषेत स्वतःची गाणी केली आणि लोर्नाने ती अशी गायली की ऐकताना पाय थांबत नाहीत आणि गळा पण दाटतो, दोन्ही एकदम. 'पिसो' ऐका, 'बेब्दो' ऐका. 'बेब्दो' म्हणजे दारुड्या, म्हणून ते गाडी चालवताना फक्त ऐकायचं हं. यांच्यावरून प्रेरणा घेऊन 'नाचोंया कुंपासार' नावाचा कोंकणी सिनेमा आला, त्यात ही गाणी परत नव्याने आहेत, पण आधी लोर्नाचा मूळ आवाज ऐका, मग ते.

आमच्याकडे ही कॅसेट मामाची होती. त्याने दिली नव्हती, आईने आणली होती, आणि तो अजून विचारतो.

कॅसेटवाला

@मांडवीकाठी, तुमचं पोस्ट वाचून लगेच 'पिसो' लावलं. ऑफिसात. पाय टेबलाखाली चालूच आहेत. इतकी वर्षं गोव्याला जातोय आणि हे ऐकलं नव्हतं!

घाटवळण, आता एक प्रॅक्टिकल. ऑनलाइनवर भरवसा ठेवून निघू नका लोकहो, घाटात रेंज जाते आणि गाणं बरोबर अंतऱ्यावर गोल गोल फिरत बसतं. डाउनलोड करून ठेवा. आणि शफल बंद करा, हात जोडून सांगतो. एक बाजू, एक क्रम, सगळं ऐका, कंटाळवाणं गाणं आलं तरी पुढे ढकलू नका. तेच दहा वर्षांनी आठवतं. आमच्या कॅसेटवर एक फालतू गाणं होतं, सिनेमा पडला, गायक कोण ठाऊक नाही, पण पुढे ढकलायला गेलं की टेप अडकायची म्हणून ऐकावं लागायचं. आज ते कुठे सापडत नाही आणि मी ते शोधत असतो.

पेनड्राइव्ह_पिढी

काका गाण्याचे बोल टाका की, शोधून देतो.

कॅसेटवाला

नको. मिळालं आणि खरंच फालतू निघालं तर?

वऱ्हाडी_ठेचा

हे पाहा, याला म्हणतात शहाणा माणूस.

घाटवळण

गणपतीला निघतोय, यादी बनवली आहे. पहाटे निघताना भीमसेनजींचं 'माझे माहेर पंढरी' आणि 'इंद्रायणी काठी', पनवेलपर्यंत पोरांचं जे काय असेल ते, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये मामंजींची पन्नाशीतली गाणी (तिथे गाडी फियाटच्या स्पीडनेच जाते), भोस्त्याला गोमू, चिपळूण ते हातखंबा 'मी डोलकर' आणि शांताबाई शेळक्यांची बाकीची कोळीगीतं, तिथे समुद्र नाही पण वास यायला लागतो असं मला वाटतं, राजापूरनंतर झोपेची वेळ म्हणून वऱ्हाडीभाऊंची कव्वाली. आम्ही कुडाळला उतरतो. शेवटचा अर्धा तास लोर्ना ठेवलीये.

मांडवीकाठी

कुडाळला उतरणार आणि लोर्ना? पत्रादेवी ओलांडल्याशिवाय नाही लावायची.

घाटवळण

ओ ताई, आम्ही तळकोकणातले, गोव्याहून दीड तासावर. सवलत द्या.

मांडवीकाठी

बांद्यापर्यंत आलात तर देईन. कुडाळला मालवणी गाणी लावा, तुमची काय कमी आहेत का.

सातारी_गडी

आणि माझ्या बोगद्याचं काय झालं? कुमार सानू सोडून सांगा कुणीतरी.